सोळा आठवड्यांचा वर्षावास

कराडला महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये चढलं की उतरायची काळजी नसते. गाडी कोल्हापूरहून येते आणि गोंदियाला संपते. डोळा लागला तरी पुढं कुठं जाणार? पुणे, दौंड, नगर, मनमाड, भुसावळ, नागपूर करत चोवीस तासांहून जास्त वेळ गाडी धावते आणि आपण त्याच राज्यात असतो. जूनच्या शेवटी मी गोंदियाला उतरले तेव्हा संध्याकाळ झाली होती, फलाटावर पाणी साचलं होतं आणि बाहेर रस्त्यावर उकडलेल्या कोंड्यासारखा वास भरून राहिला होता. हा राइस मिलचा वास, हे दोन दिवसांनी कळलं. आठ दिवसांनी तो येईनासा झाला. म्हणजे येत असणारच, मला येईनासा झाला.

खोली मिळायला तीन दिवस लागले. पहिल्या घरी दारातच गाव विचारलं, मग आडनाव, मग ते आडनाव 'कुणात' असतं ते विचारलं, आणि मग खोली कालच गेली असं कळलं. 'खोली भाड्याने देणे आहे' ही पाटी त्यानंतर आठवडाभर मी जाता-येता वाचत होते. दुसऱ्या घरी नळाला पाणी नव्हतं. तिसरं घर कुडव्याचं. घरमालकीण काकू पोवार समाजाच्या. घरात पोवारी, किराणा दुकानात हिंदी आणि माझ्याशी मराठी बोलतात. आवाज तिन्ही भाषांत सारखाच मोठा. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. "एकटीच राहशीन का?" आणि "भात चालते न?" मी दोन्हीला हो म्हटलं. दुसरा प्रश्न खरा महत्त्वाचा होता, कारण त्या घरात चपाती पाहुण्यासारखी येते.

आता कबुलीजबाब. मी गोंदिया जिल्ह्यातल्या एका बी.एड. कॉलेजची दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, पण पहिल्या वर्षात या जिल्ह्यात मोजून एकोणीस दिवस राहिले. प्रवेशाचे दोन, बाकीचे परीक्षांचे. आमच्याकडं याला 'नॉन-अटेंडिंग' म्हणतात. जागा रिकाम्या असलेली कॉलेजं आणि घर न सोडता डिग्री हवी असलेली पोरं, यांचं हे परस्पर जमलेलं लग्न; मध्यस्थही असतात. पहिल्या वर्षाची चार आठवड्यांची शालेय आंतरवासिता मी कराडला घरी बसून केली. म्हणजे वही केली. पाठ टाचणं लिहिली, त्यावर शिक्का मिळाला. निरीक्षण वहीत न पाहिलेल्या तासांची निरीक्षणं लिहिली. एका वर्गाबद्दल, ज्याचं दारही मी पाहिलेलं नाही, 'विद्यार्थी उत्साही होते' असं माझ्या अक्षरात लिहिलेलं आहे. तोंडी परीक्षेत कुणी काही विचारलं नाही.

दुसऱ्या वर्षाची आंतरवासिता सोळा आठवड्यांची. तीही घरून 'मॅनेज' होईल असं सांगणारे होतेच. मी आले ते आबांमुळं. आजोबा माळकरी; सत्तावीस वर्षं पायी वारी केली, आता गुडघ्यांनी साथ सोडली म्हणून एसटीनं जातात. माझ्या वहीची हकीकत मी त्यांना गंमत म्हणून सांगितली होती. ते हसले नाहीत. म्हणाले, "चाललं न्हाय म्हणून कुणाला वारकऱ्यातनं काढत न्हाईत गं. पर न चालता चाललो म्हणू ने." त्यावर बोलायला माझ्याकडं काही नव्हतं. कॉलेजला अर्ज दिला, गोंदिया शहरातली एक शाळा मिळाली.

आंतरवासिता हा शब्द मी वर्षभर फॉर्मवर लिहीत होते, त्यातलं 'वास' मला पहिल्यांदा कुडव्याच्या खोलीत दिसलं. उपनिषदांच्या काळी शिष्याला अंतेवासी म्हणत, जवळ राहणारा. ऐकणारा नाही, शिकणारा नाही, राहणारा. शिक्षण खात्याचीही जिल्हा परिषदेच्या शिक्षकांकडून हीच मागणी असते. मुख्यालयी राहा, आणि राहता याचा ग्रामसभेचा ठराव आणा, मग घरभाडे भत्ता. प्रत्यक्षात किती जण अपडाऊन करतात हे सकाळच्या गाडीतल्या डब्यांच्या पिशव्या सांगतात. मी त्यांना हसणार नाही. मी तर तेवढंही केलं नव्हतं. पण प्रश्न डोक्यात बसला. माणूस कुठं राहतो ही धर्माची बाब आहे का? की ती नुसती सोयीची, भाड्याची, गाडीच्या वेळेची गोष्ट? शिकवणं चांगलं असलं की झालं, शिकवणारा रात्री कुठं झोपतो याच्याशी कुणाचा काय संबंध?

आमच्या घरची पोथी या प्रश्नाला सरळ उत्तर देत नाही. गीतेच्या बाराव्या अध्यायात भक्ताची लक्षणं सांगताना 'अनिकेत' हा शब्द येतो: ज्याला घर नाही तो. ज्ञानेश्वरांनी त्या घर नसण्यातून अख्खं विश्वच घर करून दिलं. लहानपणी पारायणात तो भाग आला की आबा मान डोलवायचे आणि मीही डोलवायचे. गोंदियात दुसऱ्या दिवशी, ती पाटी वाचत उभी असताना, मला ते आठवलं. विश्व आपलं घर असेल, पण विश्वाच्या मालकाला आधी आडनाव सांगावं लागतं. आणि अनिकेत असणं हा एकट्या गीतेचा आग्रह नाही. चक्रधरस्वामींनी आपल्या शिष्यांना गावाची, माणसांची सवय लागू देऊ नका, देशाच्या टोकाला झाडाखाली दिवस काढा असंच सांगितलं होतं. त्यांचे एक जवळचे शिष्य निळभट भांडारेकर याच भागातले, भंडाऱ्याचे. आणि भंडारा म्हणजे १ मे १९९९ ला वेगळा निघेपर्यंत गोंदियाचाही जिल्हा. देशाचं टोक आणि झाडी दोन्ही इथं आयतं मिळतं. एकीकडं मध्य प्रदेश, दुसरीकडं छत्तीसगड.

तर मग राहण्याची धडपड हा मोहच म्हणायचा का? काकूंच्या खोलीत दोन खिळे ठोकून मी दोरी बांधली, बाजारातून बादली आणली, कोथिंबिरीला इथं सांबार म्हणतात हे पाठ केलं. रोज थोडी थोडी गुंतत होते. आणि मनात शंका, की जे सोडायला सांगितलंय त्याचीच मी तयारी करतेय.

आषाढीला घरापासून इतकी लांब मी पहिल्यांदाच होते. काकूंनी "उपास हाये त साबुदाना भिजवते" म्हणून भलीमोठी वाटी भरली. दुपारी आबांचा फोन आला, मागं टाळ वाजत होते. मी म्हटलं, करमत नाही, दोन दिवस येऊन जाऊ का, शाळा अजून सुरू व्हायचीय. आबा म्हणाले, "आजपास्नं देव बी चार म्हैनं हलत न्हाय. तू कशाला हलतीस?"

फोन ठेवल्यावर मी कॅलेंडर काढलं. चार महिने म्हणजे साधारण सोळा-सतरा आठवडे. देवशयनीला देव निजतो ते कार्तिकीला उठतो, आणि त्याच सुमारास माझी आंतरवासिता संपते. देवाचं मला माहीत नाही, पण संन्याशांनी, जैन साधूंनी, भिक्खूंनी, म्हणजे घर सोडणं हेच ज्यांचं व्रत, त्या सगळ्यांनी पावसाळ्यात एका जागी थांबायचं ठरवलं आहे. ज्यांनी अनिकेत व्हा म्हणून सांगितलं त्यांनीच चातुर्मासही सांगितला. असं का, हे मला घरी कुणी सांगितलं नव्हतं. पावसात रस्ते खराब असतात म्हणून, असं मी आपलं धरून चालले होते.

उत्तर घरामागच्या गल्लीत मिळालं. तिथं एक विहार आहे. एकादशीनंतर चार दिवसांनी पौर्णिमेला तिथं वर्षावास, म्हणजे भिक्खूंचा चातुर्मास, सुरू झाला. रोज संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चं वाचन. शेजारची ताई घेऊन गेली. वाचणारे निवृत्त गुरुजी. नवा माणूस दिसला की आधी ते सांगतात की बाबासाहेब १९५४ ला भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत उभे राहिले होते आणि या भागानं त्यांना पाडलं. मलाही सांगितलं. मग मी कोण, कशाला आले ते विचारलं, आणि सोळा आठवडे ऐकल्यावर म्हणाले, "म्हंजे तुमचा बी वर्षावासच हाये जी."

वाचन संपल्यावर त्यांनी विनयपिटकातली हकीकत सांगितली. बुद्ध राजगृहाला वेळुवनात असताना भिक्खू बारा महिने फिरत असत. पावसाळ्यातही. लोक कुरकुर करायला लागले: हे श्रमण हिरवं गवत तुडवतात, बारीकसारीक जीव पायाखाली मारतात, इतर पंथांचे साधू पावसात थांबतात, पाखरंसुद्धा झाडाच्या शेंड्याला घरटं करून बसतात, यांनाच काय झालंय? ही कुरकुर बुद्धापर्यंत गेली आणि वर्षावासाचा नियम झाला. मी दोनदा विचारलं, नियम लोकांच्या तक्रारीवरून झाला? "तक्रारीवरूनच." रस्ते खराब म्हणून नाही, भिक्खू भिजतात म्हणूनही नाही. गवतासाठी.

नियम झाल्यावर पळवाटा आल्याच. पोकळ झाडात वर्षावास करू नये, छत्रीखाली करू नये, रांजणात करू नये असे मनाई-हुकूम विनयात आहेत. म्हणजे कुणीतरी रांजणात करून पाहिला असणार. (खोली शोधायच्या तीन दिवसांत मला रांजण वाईट वाटला नसता.) पण माझ्या जिव्हारी लागला तो उपनंद. या भिक्खूनं कोसलच्या प्रसेनजित राजाला शब्द दिला होता की वर्षावास तुमच्याकडं करीन. वाटेत त्याला दोन विहार दिसले, दोन्हीकडं चीवरं, म्हणजे वस्त्रं, भरपूर. त्यानं ठरवलं, दोन्हीकडं राहायचं. राजा वाट बघत राहिला आणि मग चिडला: शब्द देऊन मोडणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे का? बुद्धानं उपनंदाला दोष दिला. गुरुजी हे हसत सांगत होते, मला मात्र माझी निरीक्षण वही दिसत होती. अडीच हजार वर्षांपूर्वी एक जण नॉन-अटेंडिंग होता आणि त्याचं नाव अजून लोक विसरलेले नाहीत.

तरीही गवताची गोष्ट मला तेव्हा नुसती समजली होती. पायाला कळली ती दोन दिवसांनी. भाताच्या रोवणीची घाई म्हणून काकू मला त्यांच्या गावी शेतावर घेऊन गेल्या. मी उसाच्या गावची. उसात माणूस शिरतो, हरवतो, पोरं लपाछपी खेळतात. उसाला काही होत नाही. इथं एका बांधीत पऱ्हे, म्हणजे भाताची रोपं, टाकलेले होते, वीतभर उंचीचे, इतके दाट आणि इतके कोवळे हिरवे की बघूनच हात फिरवावासा वाटावा. धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, समोरून बैल आले. मी वाट द्यायला एक पाऊल खाली टाकलं. एकच पाऊल. ते घोट्यापर्यंत गेलं, तोल सावरायला दुसरं टाकावं लागलं, आणि पाय उपसून काढला तर चिखलाबरोबर रोपांचा झुबका वर आला. पलीकडून म्हातारे काका ओरडले, ते पोवारीत होतं, पण समजलं. काकू मराठीत म्हणाल्या, "पऱ्हे तुडवले त रोवनी कायची करू वं बाई?" रागावल्या नव्हत्या. वाकून त्यांनी ती रोपं एकेक करून पुन्हा चिखलात खोचली. काही उभी राहिली, काही नाही. मला त्यात सगळ्यात जास्त हे लागलं की मी वाट द्यायला उतरले होते. सभ्यपणानं तुडवलं.

आणि परत येताना डोक्यात आलं की हे मी आधीच एकदा केलंय. काकूंचा नातू दुसरीत आहे. पहिल्या आठवड्यात तो तांब्या घेऊन दारात आला, "ताई, पानी." मी मराठीची, बी.एड.ची मेथडही मराठी. मी हसून म्हटलं, "पानी नाही रे, पाणी. ण. म्हण बरं." त्यानं म्हटलं नाही. त्यानंतर तीन दिवस तो माझ्याशी हिंदीत बोलला. हिंदीत त्याचं काही चुकत नव्हतं. इथल्या झाडीबोलीत ण नाहीच, न आहे. त्याच्या आजीला नाही, वर्गातल्या बहुतेक पोरांना नसणार, आणि त्यांचं काही अडलेलं नाही. मराठी शिकवायला चारशे कोसांवरून आलेल्या बाईनं पहिल्याच आठवड्यात एका पोराची मराठी बंद पाडली, आणि तिला ते शेतातल्या चिखलात पाय जाईपर्यंत कळलंही नाही. प्रमाणभाषा शिकवायची नाही असं मी म्हणत नाही. परीक्षेत ण लागतोच, तो मी शिकवीन. पण रोपं लागायच्या आधी त्यांच्यातून चालत जाऊन नव्हे.

वर्षभर मला वाटत होतं, जो आलाच नाही त्याच्या पायाखाली काय येणार? न येण्यात निदान हिंसा तरी नाही. आता ते खरं वाटत नाही. शिकवायचं म्हटलं की कधीतरी पोरांमध्ये पाय पडणारच. जो थांबतो त्याला दुसऱ्या दिवशी आपलीच पावलं उमटलेली दिसतात, तिसऱ्या दिवशी कुठलं रोप उठलं आणि कुठलं नाही तेही दिसतं. जो नुसता येऊन जातो तो 'विद्यार्थी उत्साही होते' असं लिहितो.

हे सगळं मी कॉलेजच्या मैत्रिणीला सांगितलं. ती सालेकसा तालुक्यातली, गोंड. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आमच्याकडं राहणाऱ्यांनीच जास्त तुडवलंय." सावकार राहत होता, ठेकेदार राहतो, दोन पिढ्या राहतात. राहिल्यानं पाय हलका होत नाही. मग तिनं कचारगडची गोष्ट सांगितली. दरेकशाजवळच्या त्या गुहेत माघ पौर्णिमेला गोंड समाजाची मोठी जत्रा भरते. गुहेत पोरं कोंडली होती, तोंडावर मोठी शिळा. पारी कुपार लिंगो आला, हिरासुका पाटालीरनं वाद्य वाजवलं, त्या सुरानं पोरांच्या अंगात बळ आलं आणि त्यांनी आतून शिळा ढकलली. पोरं सुटली, हिरासुका त्या शिळेखाली गेला. "शिळा सरकवायला कधीकधी बाहेरचाच लागतो," ती म्हणाली. मी विचारलं, मग लिंगो पुढं कुठं गेला? "गेला नाही. त्यानं पोरांना शिकवलं. गोटुल त्याचंच."

तिचं म्हणणं मला खोडता आलेलं नाही. राहणं पुरत नाही, हे मान्य. पण विहारातल्या गुरुजींना मी हे विचारलं तेव्हा त्यांनी वर्षावासाचा शेवट सांगितला, जो मला ठाऊक नव्हता. आश्विन पौर्णिमेच्या सुमारास, तीन महिने एकत्र राहून झाल्यावर, भिक्खू एकमेकांसमोर बसतात आणि प्रत्येक जण इतरांना सांगतो: माझं काही चुकलेलं तुम्ही पाहिलं असेल, ऐकलं असेल, नुसती शंका आली असेल, तरी सांगा. याला पवारणा म्हणतात. ते झाल्याशिवाय वर्षावास पुरा होत नाही. सावकारानं अशी पवारणा कधी केली नाही, एवढं मैत्रिणीला सांगता येईल. आमच्या आंतरवासितेच्या शेवटी मार्गदर्शक शिक्षक गुण देतात, मुख्याध्यापक प्रमाणपत्र देतात. पोरांना विचारायचा रकाना कुठल्याच वहीत नाही. कोजागरीच्या आसपास मी माझ्या सातवीच्या वर्गाला विचारणार आहे. पोरं सांगतील का, हे तोवर मी त्यांच्याशी कशी वागते त्यावर आहे.

काकूंचा नातू परत मराठीत बोलतो. मी काही विशेष केलं नाही, संध्याकाळी ओट्यावर त्याच्याबरोबर बसत गेले.

सोमवारपासून शाळा. पहिला आठवडा फक्त निरीक्षण आहे: शेवटच्या बाकावर बसायचं, वर्गात बोलायचं नाही, पाहिलं ते लिहायचं. काल हजर-अहवालाचा फॉर्म भरला. मागच्या वर्षी 'सध्याचा पत्ता' या रकान्यात मी मध्यस्थानं सांगितलेलं एक घर लिहिलं होतं, ते कुठल्या रस्त्याला आहे ते मला अजून माहीत नाही. या वेळी काकूंचं घर लिहिलं, कुडवा, गोंदिया. भाडं महिना अठराशे, लाईट बिल वेगळं.